सोडलेल्या स्वराचा परतीचा रस्ता

माझी थोरली बहीण गोव्यातल्या आमच्या फोंडा तालुक्यातल्या देवळांच्या उत्सवांत अनेक वर्षे अभंग आणि नाट्यपदे गात आली आहे, आणि तिच्या साथीला ऑर्गनवर बसणे हे माझे काम. उत्सवाच्या रात्री तबला असतो, तंबोरा असतो, चतुर्थीच्या दिवसांत आरतीला घुमट आणि शामेळ ही तालवाद्ये असतात. पण सकाळच्या रियाजाला आम्ही दोघेच असतो. त्या वेळी एकाच कळफलकावरून तंबोऱ्यासारखा आधारस्वर, त्यावर पेटीची साथ आणि खाली घुमटाचा ठेका असे तीन आवाज आपापल्या वाटेने निघावेत, एवढ्या गरजेतून मी मॉड्युलर सिंथेसायझरकडे वळलो. यंत्रे जमवायला फारसा वेळ लागला नाही. एका कळफलकातून निघालेले स्वरसंदेश तीन ठिकाणी बिनचूक वाटायला मात्र पावसाळ्याचे चारही महिने गेले, आणि त्यातही सर्वांत जास्त वेळ स्वर सुरू करण्यात नव्हे, तर सुरू झालेला स्वर बंद करण्यात गेला.

मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये ऑसिलेटर (मूळ स्वर निर्माण करणारा), फिल्टर (आवाजाचा पोत बदलणारा), एन्व्हलप (आवाजाचा चढ-उतार ठरवणारा), व्हीसीए (आवाज लहान-मोठा करणारा) ही सारी अंगे सुटी असतात आणि ती एकमेकांना तारांनी जोडावी लागतात. माझ्याकडचा संच युरोरॅक पद्धतीचा आहे. जर्मनीच्या डीटर डोपफर यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेल्या या पद्धतीत मॉड्यूलची उंची १२८.५ मिलिमीटर असते आणि जोडण्या साडेतीन मिलिमीटरच्या जॅकने होतात. या संचाला स्वराचे नाव कळत नाही, त्याला फक्त व्होल्टेज कळते. दर सप्तकाला एक व्होल्ट हा त्याचा हिशेब, म्हणजे एका पट्टीवरून शेजारच्या पट्टीवर जाताना साधारण ८३.३ मिलिव्होल्टचा फरक. स्वर किती वेळ धरायचा हे दुसऱ्या तारेवरचे गेट सांगते: पट्टी दाबलेली असेपर्यंत व्होल्टेज वर, सोडली की खाली.

कळफलकातून मात्र आकडे बाहेर पडतात. वाद्ये आणि यंत्रे एकमेकांना जोडणाऱ्या, १९८३ पासून चालत आलेल्या मिडीच्या भाषेत पट्टी दाबली की तीन आकड्यांचा एक संदेश निघतो. ताईची पट्टी काळी चार, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी षड्ज मानून ती गाते. खालच्या सप्तकातली काळी चार मी बेताच्या जोराने दाबली, तर पहिल्या चॅनेलवर (चॅनेल म्हणजे एकाच तारेवरची क्रमांकाने ओळखली जाणारी वाट) १४४, ४४, ७० असे आकडे जातात. यातला १४४ म्हणजे ‘पहिल्या चॅनेलवर स्वर सुरू’, ४४ हा त्या पट्टीचा क्रमांक आणि ७० हा बोटाचा जोर. पट्टी सोडली की १२८ ने सुरू होणारा, ‘स्वर बंद’ असे सांगणारा दुसरा संदेश निघतो. सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने एक आकडा जायला ३२० मायक्रोसेकंद लागतात, म्हणून एक पूर्ण संदेश एका मिलिसेकंदाच्या किंचित आत पोहोचतो. हे सुरू आणि बंद असे दोन वेगळे निरोप आहेत, आणि त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे केवळ तो पट्टीचा क्रमांक आणि चॅनेल. तेव्हा मी हे वाचून पुढे गेलो होतो. त्याचे महत्त्व पुढे ताईच्या रियाजात कळले.

पहिले दोन दिवस आवाजच आला नाही. कळफलकाला पाच पिनांचे जुने मिडी सॉकेट, तर मॉड्यूलला साडेतीन मिलिमीटरचा जॅक, म्हणून मधे घातलेला अडॅप्टर बी प्रकारचा निघाला. मॉड्यूलला ए प्रकार हवा होता. या दोन प्रकारांत जॅकच्या टोकाची आणि कड्याची जोडणी उलटसुलट असते. त्याने काही जळाले नाही, पण काही पोहोचलेही नाही. २०१८ मध्ये ए प्रकार अधिकृतपणे प्रमाण ठरला असला, तरी त्याआधीची यंत्रे आणि त्यांच्यासाठी बनलेले अडॅप्टर अजून बाजारात आहेत, तेव्हा जोडणीच्या आधी माहितीपत्रकात प्रकार पाहून घ्यावा.

खऱ्या तारा लावण्यापूर्वी मी लॅपटॉपवर व्हीसीव्ही रॅक या, मॉड्युलर संचाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सारी मांडणी करून पाहिली. ते करणे फार उपयोगी ठरले, कारण एकाच वेळी अनेक स्वर आले की कोणता स्वर कोणत्या ऑसिलेटरला द्यायचा, हा प्रश्न तिथेच समोर आला. आधारस्वरासाठी मी दोन ऑसिलेटर ठेवले होते. षड्जासाठी जरा जाड, भरीव आवाज आणि पंचमासाठी पातळ, जवारीसारखा झणझणणारा. सकाळी षड्ज पहिल्यावर आणि पंचम दुसऱ्यावर असे लागायचे, पण मधे एकच पट्टी सोडून पुन्हा दाबली की कधी कधी त्यांची अदलाबदल व्हायची. सॉफ्टवेअरमधली वाटणीची रीत ‘रोटेट’ होती, म्हणजे प्रत्येक नवा स्वर पाळीपाळीने पुढच्या जागी जायचा. ती बदलून ‘रीसेट’ केली, म्हणजे नेहमी सर्वांत पहिली रिकामी जागा भरली जाते. मग आधी षड्ज आणि नंतर पंचम दाबण्याची शिस्त ठेवली की प्रत्येक स्वर आपल्याच जागेवर बसू लागला. मिडीचे आकडे व्होल्टेजमध्ये बदलणाऱ्या खऱ्या कन्व्हर्टर मॉड्यूलमध्येही ही रीत निवडता येते, फक्त तिचे नाव वेगळे असते. मी घेतलेल्या मॉड्यूलवर व्होल्टेज आणि गेटच्या चार जोड्या आहेत: दोन आधारस्वरासाठी, एक पेटीसाठी आणि एक घुमटासाठी.

पेटीच्या आवाजात थोडी भर यावी म्हणून मी त्या वाटेवरही दोन ऑसिलेटर लावायचे ठरवले, आणि कन्व्हर्टरमधून आलेली एकच तार साध्या फाट्याने दोघांना दिली. एक ऑसिलेटर जोडलेला असताना मी मल्टिमीटर लावून तीन व्होल्टची पट्टी अगदी ३.०० वर आणून ठेवली होती. दुसरा जोडताच मीटरवर २.९७ दिसू लागले. तीस मिलिव्होल्ट हा आकडा लहान वाटतो, पण या हिशेबात ते ३६ सेंट, म्हणजे एका पट्टीच्या अंतराच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक होतात. गाणाऱ्या माणसाला ते सहन होणे शक्यच नव्हते. कारण असे, की कन्व्हर्टरच्या आउटपुटला एक किलोओहमचा रोध होता आणि प्रत्येक ऑसिलेटरचे इनपुट शंभर किलोओहमचे. दुसरे इनपुट जोडले की भार दुप्पट होतो आणि सुमारे एक टक्का व्होल्टेज वाटेतच गळते. त्यातही खालच्या सप्तकात फरक कमी आणि वर जावे तसा जास्त, म्हणून नुसते सुरात लावून तो निघतही नाही. बफर असलेला, म्हणजे प्रत्येक वाटेला तेच व्होल्टेज नव्याने देणारा, फाटा घालताच मीटर पुन्हा ३.०० वर आले.

त्या दिवशी एक गोष्ट मनाशी पक्की झाली. आकडा दहा ठिकाणी वाटला तरी दहाही ठिकाणी तोच राहतो, व्होल्टेज वाटले की उतरते. तेव्हा कोणता स्वर कुठे जाणार याचा सारा निर्णय आकड्यांच्या बाजूलाच, कन्व्हर्टरच्या आधी, झाला पाहिजे.

ताईचा मुलगा इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला आहे. त्याने आर्डुइनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डवर एक छोटा राउटर बांधून दिला. कळफलकातून येणारा प्रत्येक संदेश तो वाचतो, पट्टीचा क्रमांक पाहतो आणि योग्य चॅनेलवर पुढे पाठवतो. माझ्या कळफलकाला ६१ पट्ट्या आहेत, ३६ पासून ९६ पर्यंत. त्यांतल्या खालच्या पाच, ३६ ते ४०, घुमटासाठी. ४१ ते ५५ आधारस्वरासाठी. ५६ पासून वरच्या सगळ्या पेटीसाठी. आधारस्वराच्या दोन पट्ट्यांत पुठ्ठ्याची पाचर मारली की डावा हात घुमटाला मोकळा राहतो.

पहिल्याच संध्याकाळी दाबलेली एकही पट्टी बंद होईना. भाच्याने येणारे आकडे पडद्यावर उतरवून पाहिले. माझा कळफलक पट्टी सोडल्यावर १२८ पाठवतच नव्हता. तो पुन्हा १४४ च पाठवत होता, फक्त जोराच्या जागी शून्य. मिडीच्या नियमांत ‘शून्य जोराने सुरू’ याचा अर्थ ‘बंद’ असाच आहे. असे करण्याने पहिला आकडा पुन्हा न पाठवता सलग संदेश पाठवता येतात आणि वेळ वाचतो, म्हणून अनेक कळफलक हीच रीत वापरतात. राउटरच्या पहिल्या आवृत्तीने मात्र तो एक नवा स्वर समजून वाटेला लावला होता. दोन ओळींची दुरुस्ती पुरली.

मींड घेण्याचे चाक फिरवले, तर पेटीबरोबर तंबोराही घसरला. मिडीत ते चाक फिरवल्याचा संदेश पूर्ण चॅनेलसाठी असतो, त्यात पट्टीचा क्रमांक नसतोच. म्हणून पट्टी पाहून वाटणी करणाऱ्या राउटरला तो कुणाचा हे कळायला मार्ग नाही आणि तो त्याने सगळ्यांना दिला होता. ज्या संदेशावर पट्टीचा क्रमांक नाही, त्याचा मालक आपणच ठरवून द्यावा लागतो. चाक आम्ही पेटीच्या चॅनेलला देऊन टाकले.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. जुलै महिना होता, बाहेर धो धो पाऊस आणि घरात ओल. ताई काळी चारमध्ये भैरवाचा षड्ज लावून बसली होती, पाचर मारलेली होती आणि आधारस्वर छान भरून राहिला होता. दोन-तीन आवर्तने झाल्यावर ती म्हणाली, “आज घसा जड आहे रे, पांढरी चार धर.” ऑर्गनवर मी कोणत्याही पट्टीत वाजवतो, पण इथे पाचर काढून पुन्हा बसवण्यापेक्षा राउटरवरचे पट्टी बदलण्याचे बटण सोपे होते. काळी चार ते पांढरी चार म्हणजे तीन पायऱ्या खाली. मी बटण तीन वेळा दाबले. आधारस्वर जागचा हलला नाही. पाचर काढली, तरी तो चालूच. कळफलकावर एकही बोट नाही, एकही पट्टी दाबलेली नाही, आणि जुन्या काळी चारचे षड्ज-पंचम तसेच घुमत राहिलेले. पांढरी चारला षड्ज मानून ताईने आलाप सुरू केला होता, आणि त्या हिशेबाने तंबोऱ्यातून कोमल गंधार आणि कोमल निषाद वाजत होते. भैरवात या दोन्ही स्वरांना जागा नाही. ती थांबली. मला संचाचा वीजपुरवठा बंद करावा लागला, आणि त्या सकाळचा रियाज तिथेच संपला. त्याचे मला फार वाईट वाटले, कारण गाणारीने स्वराशी नाते जुळवत आणलेले असताना ते यंत्राने तोडले होते.

संध्याकाळी भाच्याला फोन करून सारे सांगितले. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, “मामा, स्वर सुटल्याचा निरोप राउटरने कोणत्या क्रमांकावर पाठवला?”

उत्तर त्या प्रश्नातच होते. पाचर मारली तेव्हा पट्टी ४४ होती आणि राउटरने ४४ सुरू केला. नंतर मी तीन पायऱ्या उतरवल्या. पाचर काढल्यावर कळफलकाने इमानाने ‘४४ बंद’ असे कळवले, पण राउटरने त्यातूनही तीन वजा केले आणि कन्व्हर्टरला सांगितले, ‘४१ बंद’. ४१ कुणी वाजवतच नव्हते. पंचमाचेही तेच झाले, ५१ सुरू होता आणि बंद झाला ४८. सुरू होण्याचा निरोप ज्या वाटेने गेला होता, त्या वाटेने बंद होण्याचा निरोप गेला नाही. दोन विभागांमधली सीमा वाजवताना सरकवली असती, तरी हेच झाले असते: सुरू एका चॅनेलवर, बंद दुसऱ्यावर.

यावरचा उपाय भाच्याने एका तक्त्याने केला. मिडीत १२८ पट्ट्या असतात, म्हणून तक्त्यात १२८ घरे. पट्टी दाबली की राउटर त्या पट्टीच्या घरात दोन गोष्टी लिहून ठेवतो: संदेश कोणत्या चॅनेलवर गेला आणि कोणत्या क्रमांकाने गेला. पट्टी सुटली की तो नवा हिशेब करतच नाही. घरात लिहिलेले वाचतो, त्याच चॅनेलवर त्याच क्रमांकाचा स्वर बंद करतो आणि घर रिकामे करतो. पट्टी दाबल्यावर घर आधीच भरलेले आढळले, तर आधी जुना स्वर बंद करून मगच नवा सुरू करतो. याला २५६ बाइट जागा लागते. आर्डुइनो उनोच्या दोन किलोबाइट स्मृतीत ती सहज मावते. स्वरसंदेश वाटणारे कोणतेही साधन, सॉफ्टवेअर असो वा मॉड्यूल, मी आता याच एका कसोटीवर पारखतो: वाट बदलल्यावरही आधीच निघालेल्या स्वराची जुनी वाट त्याच्या लक्षात राहते का?

तक्ता झाल्यावर दुसरा प्रश्न उभा राहिला, आणि तो तांत्रिक नव्हता, संगीताचा होता. स्वर चालू असताना पट्टी बदलली, तर चालू स्वराने काय करावे? तक्त्याच्या साध्या नियमाने तो सुटेपर्यंत जुन्याच जागी राहील. पेटीसाठी हे अगदी योग्य आहे, कारण हाताखालचा स्वर मधेच उडी मारून दुसरीकडे गेला तर कानाला धक्का बसतो. बोट उचलून पुढचा स्वर घेतला की तो आपोआप नव्या पट्टीत येतो. आधारस्वराला मात्र पाचर मारलेली असते, तो सुटणारच नसतो. म्हणून आधारस्वराच्या विभागापुरता आम्ही वेगळा नियम केला. बटण दाबताच राउटर तक्त्यातले चालू स्वर बंद करतो, नव्या क्रमांकाने सुरू करतो आणि घरातली नोंद बदलतो. मधे एक-दोन मिलिसेकंदांची फट पडते, पण एन्व्हलपचा उतार लांब ठेवलेला असल्याने ती ऐकू येत नाही.

याच वेळी कामांचा क्रमही पक्का केला: आधी विभाग ठरवायचा, मग पायऱ्या उतरवायच्या. उलट क्रमाने गेले, तर आधारस्वराची ४१ क्रमांकाची पट्टी तीनने उतरून ३८ होते, म्हणजे घुमटाच्या विभागात जाते आणि तंबोऱ्याच्या जागी थाप पडते. घुमटाला पायऱ्या उतरवणे लागूच नाही.

पावसाळ्यात आमच्याकडे विजेचा लपंडाव चालतो, त्याने आणखी एक कच्चा दुवा दाखवला. दिवा नुसता लुकलुकला, तरी लहान अडॅप्टरवर चालणारा राउटर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो. संचाच्या मोठ्या वीजपुरवठ्याला मात्र तेवढा धक्का जाणवत नाही आणि कन्व्हर्टर स्वर धरूनच राहतो. राउटरचा तक्ता कोरा, कन्व्हर्टरचे गेट चढलेले. ‘सर्व स्वर बंद’ असा १२३ क्रमांकाचा नियंत्रणसंदेश मिडीत आहे, पण माझा कन्व्हर्टर तो मानत नाही. म्हणून राउटर सुरू होताच आधी तिन्ही चॅनेलवरच्या १२८ पट्ट्या एकेक करून बंद करतो. त्या ३८४ संदेशांना सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्या खोळंब्याला आमची काही हरकत नाही.

घुमटाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. २०१९ मध्ये गोवा सरकारने वारसावाद्य म्हणून जाहीर केलेले हे मातीचे वाद्य माझ्या ऑसिलेटरमधून खरोखर निघेल असा माझा दावा नाही. चामड्यावर पडणारी थाप आणि मडक्याच्या मागच्या तोंडावर डाव्या हाताने कोंडलेली हवा यांचा गुण वेगळाच आहे. रियाजाला ठेका कळावा एवढेच हवे होते. पण भरभर थापा देताना एक आड एक थाप गिळली जायची. मागची पट्टी पूर्ण सुटण्याआधी पुढची दाबली जाते, तेव्हा एकस्वरी वाटेवर गेट खाली येतच नाही, आणि गेट खाली आले नाही तर एन्व्हलप नव्याने सुरू होत नाही. पेटीच्या वाटेवर हाच गुण मला हवा होता: षड्ज धरून ऋषभ नुसता स्पर्शून सोडला की आवाज न तुटता परत षड्जावर येतो आणि मुरकी अखंड उमटते. एका वाटेवर जो गुण, तोच दुसऱ्या वाटेवर दोष. घुमटाच्या जोडीला कन्व्हर्टरमध्ये प्रत्येक नव्या स्वरागणिक दहा मिलिसेकंदांचा ट्रिगर, म्हणजे व्होल्टेजचा एक छोटा ठोका, द्यायला लावले, पेटीला गेटच ठेवले, आणि थापा मोकळ्या झाल्या.

पायातले पेडल अजून पूर्ण मार्गी लागलेले नाही. त्याचाही संदेश चॅनेलभर असतो, आणि पेडल दाबलेले असताना पट्टी बदलली, तर धरून ठेवलेल्या स्वरांचे काय करायचे हे आम्ही ठरवतो आहोत. तोवर पेडल फक्त पेटीच्या चॅनेलवर जाते. रोज ताई बसण्याआधी मी एक तपासणी करतो: पाचर मारतो, पट्टी तीन पायऱ्या उतरवतो, पाचर काढतो आणि चारही गेटचे दिवे विझले का ते पाहतो, मग पायऱ्या चढवून तेच पुन्हा करतो. दिवे विझले की तिला हाक मारतो.